कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, वायफाय आणि आपण सही करून दिलेले नियम : रिव्ह्यू (३/५)

आधीच सांगतो, कॉलेजचं नाव टाकणार नाही. अजून शेवटचं सेमिस्टर बाकी आहे, प्रोजेक्टचे मार्क त्याच लोकांच्या हातात आहेत आणि टीसीपण तिथूनच काढायचीय. तालुक्याच्या ठिकाणचं अनुदानित सायन्स-कॉमर्स कॉलेज, बीएस्सी कॉम्प्युटरचा एक मजला, मागच्या बाजूला मुलांचं हॉस्टेल, एवढ्यावर समजून घ्या. आपल्याकडची अर्धीअधिक कॉलेजं अशीच असल्यामुळे हे तुमच्या कॉलेजलापण बरंचसं लागू पडेल.

स्पीड किती, एसी आहे का, माऊस चालतात का, असे रिव्ह्यू सगळेच टाकतात. ते मी दोन ओळीत उरकतो. स्पीड सकाळी ९ च्या आत भारी, ११ नंतर बोंब. एसी सर्व्हर रूमला आहे, आपल्याला फॅन. माऊस निम्मे चालतात. बास. मला बोलायचंय ते नियमांबद्दल, कारण अ‍ॅडमिशनला जो फॉर्मांचा गठ्ठा देतात ना, त्यात अँटी-रॅगिंगच्या हमीपत्राखाली दोन पानं असतात, 'संगणक व इंटरनेट वापराचे नियम आणि हमीपत्र', खाली विद्यार्थ्याची सही, पालकांची सही, आणि ती दोन पानं अख्ख्या बॅचमध्ये कोणीच वाचलेली नसतात. माझ्या बाबांनी स्कॉलरशिपचा कागद समजून सही ठोकली. वेबसाईटवर त्याची पीडीएफ आहे पण ती जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली, त्यामुळे त्यातली ओळ कॉपी करून ग्रुपवर टाकली की नुसती चिन्हंच येतात. म्हणून ऑफिसमधून झेरॉक्स काढून आणली आणि नीट वाचली.

तर नियम वाईट नाहीत. खरंच नाहीत. वाचून वाटलं की कोणीतरी डोकं लावून लिहिलेत, फक्त ते एकाच बाजूला लावलंय. विद्यार्थ्यानं काय करू नये याची यादी लांबलचक आहे आणि कॉलेजनं काय करायचं याची एक ओळपण नाही. माझी सगळी तक्रार इथूनच सुरू होते.

नियम क्रमांक २ घ्या. 'आपला लॉगिन आयडी व पासवर्ड दुसऱ्यास देऊ नये, त्यावरून झालेल्या प्रत्येक कृत्यास संबंधित विद्यार्थी जबाबदार राहील.' एकदम बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते ज्युनियरांना कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. वायफायला कनेक्ट झालं की लॉगिनचं पान उघडतं, तिथं आयडी टाकला की फायरवॉलमध्ये (कॉलेजच्या नेटच्या दारावरचा पहारेकरी समजा) नोंद होते की या वेळेपासून हा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा तुमच्या फोनचा नंबर, अमुक मुलाकडे आहे. हा पत्ता कॉलेजच्या आतला. बाहेर जाताना अख्खं कॉलेज एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर पडतं, म्हणजे बाहेरच्याला फक्त कॉलेज दिसतं, तुम्ही नाही. उद्या कोणी त्या नेटवरून कोणाला धमकीचा मेल टाकला किंवा कोणाचं अकाउंट उडवलं तर पोलीस कॉलेजकडे येणार, कॉलेज लॉग म्हणजे त्या नोंदी बघणार आणि लॉगमध्ये ज्याचा आयडी आहे त्याचं नाव पुढे जाणार. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत त्यात कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था वगैरेंनी लॉग १८० दिवस ठेवायचे असं म्हटलंय, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचंपण उकरून काढता येतं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर आयटी कायद्याचं कलम ६६सी लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. 'अरे दे ना दोन मिनिटं तुझा आयडी' यात एवढं सगळं बसलेलं असतं.

आता याच नियमाची दुसरी बाजू बघा. कॉलेज आपल्याला आयडी म्हणून काय देतं तर पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी नंबर. आणि पासवर्ड? जन्मतारीख. पीआरएन परीक्षेच्या बैठक व्यवस्थेच्या यादीत नावासकट नोटीस बोर्डावर लागलेले असतात आणि जन्मतारीख शोधायला काही हॅकर असावं लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला केक दिसतो की. वर्षाचा आकडा अंदाजानं टाकला तरी दोन-तीन प्रयत्नांत लागतो. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायची सक्ती नाही, बदलायची लिंक आहे पण ती मोबाईलवर अर्धी स्क्रीनच्या बाहेर जाते, लॅबच्या पीसीवरूनच नीट उघडते. म्हणजे कुलूप कॉलेजचं, किल्ली अख्ख्या गावाकडं, आणि चोरी झाली तर हमीपत्रावर सही माझी.

हे हवेतलं बोलत नाहीये. माझ्या रूममेटचा आयडी एका सोमवारी अचानक बंद झाला. कारण काय तर त्याच्या आयडीवरून टॉरंट (मोठाल्या फाईली उतरवायचा प्रकार) चालू होतं. गडी रविवारी गावाला होता, एसटीचं तिकीटपण दाखवलं. लॅबवाल्या मॅडम म्हणाल्या, "तुझा आयडी आहे ना, मग तूच जबाबदार, नियम वाच." पंधरा दिवस आयडी बंद, माफीपत्र लिहून एचओडींची (विभागप्रमुखांची) सही आणायची, आणि त्याच पंधरवड्यात दोन असाइनमेंट कॉलेजच्या पोर्टलवर अपलोड करायच्या होत्या ज्या बाहेरच्या नेटवरून उघडतच नाहीत. शेवटी त्यानं माफीपत्र लिहिलं. न केलेल्या गोष्टीचं. नियमात लिहिलंय की आयडी बंद करण्यात येईल, पण त्याआधी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकलं जाईल का, कोण ऐकेल, किती दिवसांत निर्णय होईल, यातलं काहीच नाही. लॉगमध्ये कुठल्या मोबाईलवरून लॉगिन झालं तेपण दिसतं हो, त्या मोबाईलचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याच्या वायफायचा स्वतःचा नंबर, असतो तिथं. हल्लीचे फोन वायफायसाठी खोटा मॅक दाखवतात हे खरं आहे, पण एकाच नेटवर्कला साधारणपणे तोच खोटा मॅक राहतो, त्यामुळे हा रूममेटचा नेहमीचा फोन नाही एवढं तरी पाच मिनिटांत कळलं असतं. बघितलंच नाही कोणी.

नियम ७ तर गंमतच आहे. आक्षेपार्ह मजकूर पाठवल्यास 'आयटी अ‍ॅक्ट कलम ६६अ नुसार' कारवाई होईल म्हणे. अहो ते कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय! आणि ते रद्द होण्यामागं आपलंच पालघर आहे, २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एका मुलीला आणि ती पोस्ट लाईक केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती, त्यावरून ती याचिका उभी राहिली. एवढी वर्षं झाली तरी आमच्या हमीपत्रात ते कलम ठाण मांडून बसलंय. म्हणजे हा फॉर्म कुठल्या तरी दुसऱ्या कॉलेजच्या जुन्या फॉर्मवरून उतरवलाय हे उघड आहे. याचा अर्थ काहीही टाकलं तरी चालतं असा काढू नका, धमकी, अश्लील फोटो, दुसऱ्याच्या नावानं अकाउंट, याला बाकीची कलमं जिवंत आहेत.

सगळ्यात जास्त अफवा कशाबद्दल असतील तर नियम ११ बद्दल. 'विद्यार्थ्यांच्या इंटरनेट वापरावर देखरेख ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयास राहील.' संपलं. काय बघणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, काही नाही. मग हॉस्टेलवर काय पसरतं की सरांना आपले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दिसतात. नाही दिसत बाबांनो. आता बहुतेक सगळ्या साईट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे तुमचा फोन आणि साईट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं, फायरवॉलला कळतं ते एवढंच की तुम्ही कुठल्या साईटवर गेलात, किती वाजता, किती एमबी खाल्ले. आत काय वाचलं, काय लिहिलं ते नाही. फक्त एक भानगड लक्षात ठेवा, 'नेट चालायला हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा' असं कोणी सांगितलं तर नीट विचारून घ्या, कारण ते सर्टिफिकेट फोनमध्ये गेलं की फायरवॉलला मधे बसून ते कुलूप उघडता येतं. लॅबच्या पीसीवर असं असेल तर असू दे, तो त्यांचा पीसी आहे, पण स्वतःच्या मोबाईलवर मी तरी टाकणार नाही. आमच्याकडे मागितलेलं नाही अजून, त्याचा अर्धा स्टार दिला.

आता ब्लॉकिंग. यूट्यूब बंद. फायरवॉलमध्ये 'स्ट्रीमिंग' नावाचा एक गट असतो त्यावर एक टिक मारली की सगळंच जातं, त्यात यूट्यूबपण गेलं. गंमत अशी की इकडे वर्गात सर सांगतात सरकारच्या स्वयम पोर्टलवरचा ऑनलाइन कोर्स घ्या, क्रेडिट मिळतील, यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं तर सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, आणि त्या कोर्सचे व्हिडिओ कुठे तर बरेचसे यूट्यूबवर. मग पोरं काय करतात, फुकटचं व्हीपीएन टाकतात, म्हणजे ब्लॉक चुकवून दुसऱ्याच्या सर्व्हरवरून नेट फिरवणारं अ‍ॅप. नियम ५ नुसार व्हीपीएनला बंदी आहे आणि ती बंदी मला पटते, कारण त्या फुकटच्या अ‍ॅपवाल्याला पैसे कुठून मिळतात याचा विचार करा, तुमचं सगळं ब्राउझिंग त्याच्या सर्व्हरवरून जातं आणि त्याला तुमची काळजी असायचं काही कारण नाही. पण नियम ५ मोडायला लावलं कोणी? फायरवॉलमधल्या त्या एका टिकनं. गिटहब या कोड ठेवायच्या साईटवरपण एसएसएच या सुरक्षित मार्गानं कोड चढवता येत नाही कारण त्याला लागणारा २२ नंबरचा पोर्ट बंद. बीएस्सी कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये!

पण इथं एक चांगली गोष्ट सांगतो. भांडत बसण्यापेक्षा साधा अर्ज लिहा. आम्ही चार जणांनी मिळून लिहिला, कुठली साईट, कुठल्या विषयासाठी, किती वाजता, असं नीट मांडलं आणि एचओडींची सही घेऊन लॅबवाल्या मॅडमना दिला, त्याच आठवड्यात लॅबच्या पीसींवर यूट्यूब चालू झालं, फक्त प्रॅक्टिकलच्या वेळेत पण झालं. म्हणजे सोय आहे! नियमावलीत ती कुठेच लिहिलेली नाही एवढंच. 'एखादी साईट अभ्यासासाठी उघडून हवी असल्यास इथे अर्ज करा' ही एक ओळ छापली असती तर निम्म्या पोरांच्या मोबाईलमधली व्हीपीएन उडाली असती.

हॉस्टेलचं वायफाय रात्री ११ ला बंद, सकाळी ६ ला चालू. याच्यावर लय चर्चा झालीय त्यामुळे फार लिहीत नाही. २००७ मध्ये आयआयटी मुंबईनंपण हॉस्टेलचं नेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायचं ठरवलं होतं, पोरं रात्रभर गेम खेळतात आणि सकाळी लेक्चरला येत नाहीत म्हणून. तेव्हा त्याला काहीतरी अर्थ होता कारण मोबाईलवर असं नेट नव्हतं. आता ज्याच्याकडे रोजच्या दोन जीबीचा रिचार्ज आहे तो ११ नंतरपण रील बघतोच. अडतो फक्त तो ज्याच्याकडे रिचार्जला पैसे नाहीत. आणि तोच बिचारा दिवसा कमवा-शिकामध्ये लायब्ररीत पुस्तकं लावत असतो, त्याला रात्रीच वेळ मिळतो.

पीडीएफ ढिगानं डाऊनलोड करू नका, हा नियम ८. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना हा सगळ्यात फालतू नियम वाटतो, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लायब्ररीनं एन-लिस्टचं सभासदत्व घेतलेलं असतं, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट चालवतं ते, त्याच्यावर हजारो जर्नल आणि ई-पुस्तकं घरबसल्या उघडतात (लायब्ररियन सरांकडून लॉगिन मागून घ्या, बऱ्याच जणांना हे माहीतच नाही). प्रकाशकांच्या करारात स्क्रिप्ट लावून सगळं उपसायला बंदी असते आणि तसं दिसलं की ते एका पोराला नाही, अख्ख्या संस्थेला तोडतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टॉर या शोधलेखांच्या ऑनलाइन साठ्यावरचे लाखो लेख उतरवले गेले तेव्हा जेस्टॉरनं काही दिवस पूर्ण एमआयटीचाच प्रवेश बंद केला होता. तिथं असं झालं तर आपलं काय घेऊन बसलात. पण फॉर्मवर यातलं काहीच नाही, नुसतं 'डाऊनलोड करू नये'. कारण न सांगता नियम दिला की पोरं तो मोडूनच बघतात.

लॅबकडे येतो. दाराशी रजिस्टर असतं, नाव, पीसी नंबर, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ. 'गेल्याची वेळ' हा रकाना वरपासून खालपर्यंत एकाच पेनानं भरलेला असतो, कारण शेवटी निघणारा सगळ्यांची भरतो. नियम ९ म्हणतो 'पायरेटेड सॉफ्टवेअर वापरण्यास सक्त मनाई', आणि ज्या स्क्रीनसमोर बसून तो नियम वाचायचा तिच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज'. एका नाही, आख्ख्या रांगेत. माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार गुन्हा आहे, कमीत कमी ७ दिवस कैद, हे आम्हाला याच लॅबमध्ये सायबर लॉच्या तासाला शिकवलं. बरं, विंडोज १० चा सपोर्टपण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मागच्या रांगेतल्या सहा पीसींवर विंडोजऐवजी उबंटू ही फुकटची सिस्टीम आहे, तिथं कोणी बसत नाही म्हणून ते कायम मोकळे आणि पळतातपण मस्त, मी तिथेच बसतो. पायथन, सी, जावा, लिब्रेऑफिस सगळं चालतं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियलपण त्यावर नेटशिवाय लावता येतात, बरेचसे मराठीतपण आहेत.

पेनड्राईव्हला बंदी, नियम १०. प्रॅक्टिकलच्या जर्नलची प्रिंट मात्र गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडूनच काढायची आणि त्याला पेनड्राईव्हच लागतो. त्याच्या पीसीवर दिवसाला शेकडो पेनड्राईव्ह लागतात, तिथून तो शॉर्टकट व्हायरस घेऊन आपण परत लॅबमध्ये, फोल्डरचे शॉर्टकट झाले की मग सगळीकडे आरडाओरडा. लॅबमध्ये प्रिंटर आहे. कापड घालून झाकलेला आहे.

आणि आता ज्याच्यासाठी मी पूर्ण दोन स्टार कापले ते. नियम ४, 'संगणकाचा वापर वैयक्तिक कामासाठी करू नये.' महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म वैयक्तिक काम आहे का हो? शेवटची तारीख जवळ आली की स्वतः ऑफिसचे लोकच पोरांना लॅबमध्ये पाठवतात. मग पोरं बसतात, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मार्कशीट, आधार, बँक पासबुक, सगळं मोबाईलवरून पीसीवर घेतात, साईझ कमी करून अपलोड करतात, साईट तीनदा लटकते, बेल वाजते आणि तसंच उठून जातात. कुठल्याही पीसीचं डाऊनलोड फोल्डर उघडून बघा. आमच्या रांगेतल्या एका पीसीवर 'आधार', 'आधार १', 'आधार फायनल', 'आईचं पासबुक', 'कास्ट सर्टिफिकेट नवीन' अशा फाईलींची रांग होती, मागच्या वर्षी पास होऊन गेलेल्या पोरींच्यासुद्धा. ब्राउझरमध्ये दोघींचे जीमेल चालूच. कोणाच्या मनात वाईट आलं तर सिमकार्डापासून लोनअ‍ॅपपर्यंत काहीही काढता येईल. बारा नियमांत याबद्दल एक अक्षर नाही! फेसबुकवर जाऊ नका आहे, गेम खेळू नका आहे, चपला बाहेर काढा आहे.

याला उपाय महाग नाही. डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं, पीसी रीस्टार्ट केला की पहिल्या दिवशीसारखा कोरा. ते विकत घ्यायचं नसेल तर पीसी बंद होताना डाऊनलोड फोल्डर आणि ब्राउझरची माहिती उडवणारी चार ओळींची स्क्रिप्ट दुसऱ्या वर्षाचं पोरगंपण लिहील, आम्ही लिहून द्यायची तयारीपण दाखवली. "बघू," म्हणाले. तोपर्यंत लॅबवाले मामा संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी पीसीपीसीवर जाऊन स्वतः हातानं फाईली डिलीट करतात, त्यांना कोणी सांगितलेलं नाही, त्यांच्या मुलीचा फॉर्म तिच्या कॉलेजमध्ये असाच राहिला होता म्हणून करतात. रिसायकल बिन रिकामं करायचं असतं हे त्यांना मी दाखवलं, आता तेपण करतात. लॅबचे जे तीन स्टार दिलेत त्यातला एक पूर्ण मामांचा आहे.

बाकीच्या हिशोबात एक स्टार 'अर्ज केला तर ऐकतात' यासाठी, अर्धा पटणाऱ्या नियमांसाठी आणि अर्धा त्या सर्टिफिकेटचा वर सांगितलेला.

नवीन अ‍ॅडमिशनवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात लॅबच्या पीसीवरून पासवर्ड बदलून घ्या, लिंक लॉगिनच्या पानाच्या अगदी खाली बारीक अक्षरात आहे, आणि स्कॉलरशिपचा फॉर्म लॅबमध्ये भरायचाच असेल तर इन्कॉग्निटोमध्ये भरा, उठताना फाईली शिफ्ट-डिलीटनं उडवा. सकाळी साडेआठला लॅब उघडते. मागच्या रांगेत जागा असते.